बॅटरीची तहान

(गोदावरीचा घाट; इथले लोक तिला गंगाच म्हणतात. काठाला दोरानं बांधलेली लाकडी बोट, तिच्यात जुन्या मिलिटरी जीपचं इंजिन. कार्तिकातली दुपार कललेली.)

धर्मराज : अजून एक मारा, दाजी. एकच.

कारभारी : सकाळपासून एकच एकच म्हणून हँडल मारून घेऊन राह्यला तू. मनगट बघ माझं. सुजून वांगं झालं.

धर्मराज : द्या इकडं मंग, मी मारतो. ठिणगीपुरते टॉर्चचे सेल जोडलेत मी. हं... हं... लागली! आता तुम्ही तिथं बसा अन् त्या काट्यावर नजर ठेवा. हालला का?

कारभारी : न्हाई.

धर्मराज : रेस देतो. आता?

कारभारी : जागचा हालत न्हाई. लग्नात रुसलेल्या जावयासारखा बसलाय.

धर्मराज : म्हणजे डायनॅमो बॅटरीत काहीच भरून न्हाई राह्यला. पट्टा ताणला, वायरी घासल्या, कार्बन काढून पुसले, पॉलिश कागद मारला. अन् काटा बसलेला तो बसलेलाच. बंद करतो जराशी.

कारभारी : बंद करू नको बाबा! परत हँडल मारायला मी काही मानूस न्हाई राह्यलो आता.

धर्मराज : बरं, राहू द्या चालू.

कारभारी : धर्मा, खरं सांग. आज सापडंल का? संध्याकाळच्या मोटारीनं शेठ येऊन राह्यले अंबडहून. संगं मंठ्याचा डायवर घेऊन. तो आला की मी बोटीवरनं उतरलो म्हणून समज.

धर्मराज : उतरवंल कसा? घाट तुमच्या बापापासूनचा.

कारभारी : घाट बापाचा असंल. बोट अन् इंजिन शेठचं हाय. बांबूनं नाव हाकत होतो तवा कोण मला काढणार होतं? हे इंजिन आलं अन् मी नोकर झालो.

धर्मराज : मंग मला बी एक खरं सांगा. साळूअक्कानं रडत निरोप धाडला म्हणून गॅरेज टाकून आलो मी. शेठनं बोलवलं न्हाई, उलट मला बघून कपाळाला आठ्याच घालंल. तुम्ही बॅटरी रेडिओला लावत होता का न्हाई?

कारभारी : तू बी?

धर्मराज : मेव्हणा विचारत न्हाई, मिस्त्री विचारून राह्यला. वैद्यापाशी लाजून चालत न्हाई.

कारभारी : एकदा लावली.

धर्मराज : कवा?

कारभारी : दिवाळीच्या पाडव्याला. पाटलाच्या रेडिओची बॅटरी बसली होती. पोरं मागं लागली, कारभारीनाना, आजच्या दिवस द्या. रात्री तशी बी मी घरीच नेतो ती, चोरीला जाऊ नये म्हणून. नेली, लावली. दोन गाणी झाली. तिसऱ्याला खरखर सुरू झाली अन् गप झाला रेडिओ.

धर्मराज : दोनच गाण्यांत?

कारभारी : दोनच. अन् दुसऱ्या दिवशी गावभर झालं, कारभारी शेठची बॅटरी गावाला वाटत फिरतो म्हणून.

धर्मराज : दाजी, जीपची बॅटरी दोन गाण्यांत मरत नसते. रातभर कीर्तन लावलं तरी सकाळी इंजिन उठवायला पाहिजे तिनं.

कारभारी : हे शेठला सांग. पाडव्यानंतरच्या बाजारच्या दिवशी भरली बोट मधोमध बंद पडली. बाया, शेरडं, गुळाच्या ढेपा. मी हँडल मारून राह्यलो, ठिणगीच न्हाई. गंगेला वढ केवढी! बांबू टेकवावा तर तळ लागंना. एका म्हातारीनं मागनं माझ्या गळ्याला मिठी घातली. तिला सोडवू का बोट सांभाळू? पार खालच्या गावच्या वाळूला जाऊन लागलो, तवा जीवात जीव आला. अन् शेठ काय म्हणले माहीत हाय?

धर्मराज : साळूअक्कानं सांगितलं.

कारभारी : भर घाटावर म्हणले. सगळे उभे होते. 'रेडिओपायी मानसं बुडवायला निघाला का रे?' धर्मा, ह्या घाटावर माझ्या हातानं कोणाच्या धोतराचा सोगा बी भिजला न्हाई आजवर.

धर्मराज : हां. थांबा. एक करून बघू. तो पुढच्या दिव्यातला बल्ब काढा.

कारभारी : आता दिवा कशाला उन्हात?

धर्मराज : काढा तर. ही एक वायर डायनॅमोला, ही इंजिनाच्या लोखंडाला. बॅटरीचा संबंधच ठेवत न्हाई मधी. आता तुम्ही रेस द्या. हळू. हळू हो!

कारभारी : अरे, पेटला की रं!

धर्मराज : भर उन्हात डोळे दिपवून राह्यला. डायनॅमो वाघ हाय, दाजी. सकाळपासून मी वाघाचे दात घासत बसलो. दुखणं त्याला न्हाईच.

कारभारी : मंग कोणाला?

धर्मराज : वाढणारा वाढून राह्यला, जेवणाराच तोंड उघडत न्हाई. बॅटरी! करा आता बंद. उघडू तिला.

कारभारी : ती तर तूच नवीकोरी बसवली जेठात.

धर्मराज : तेच तर. माझ्या हातानं बसवली म्हणून तिच्याकडं बघितलं न्हाई मी. बघा, मिस्त्रीची जात. दुसऱ्याच्या कामात दिवसभर खोड काढंल, आपलं काम शेवटी बघंल. ती काचेची पिचकारी द्या पिशवीतली. आता बघा हिच्यात. तेजाब दमदार असलं की आतला गोळा वर तरंगतो.

कारभारी : हा तर तळाला जाऊन बसला.

धर्मराज : बॅटरीच्या दुसऱ्या घरात बी तेच. तिसऱ्यात बी तेच. अन् हे गढूळ कशानं झालं? करडं-करडं दिसून राह्यलं. हे बघा, बोट बुडवलं.

कारभारी : अरे, तेजाब हाय ते! जळंल!

धर्मराज : काही न्हाई होत. चावायला पाहिजे, चावत न्हाई. दाजी, पापडखार कोणाच्या घरी मिळंल? चिमूटभर. तेजाबावर टाकला की फसफसतो. म्हणजे कळंल, हे तेजाब हाय का नुसतं पाणी.

कारभारी : शेठच्या घरी. मारवाड्याच्या घरचं मीठ संपंल, पापडखार न्हाई संपायचा. हे बघ, नाव घेतलं अन् बाईजीच आल्या. शेठच्या मातोश्री.

लाडबाई : कारभारी, घरी जेवायला आण म्हटलं ना या मिस्त्रीला? दोनदा निरोप दिला. शेवटी मीच घेऊन आले. बाजरीची रोटी हाय अन् गट्ट्याची भाजी. दिवस बुडायच्या आत खाऊन घ्या दोघं. नंतर माझ्या घरात चूल पेटत न्हाई.

धर्मराज : खातो मांजी. हात धुतो जरा.

कारभारी : बाईजी, चिमूटभर पापडखार पाहिजे होता.

लाडबाई : रोटीबरोबर पापडखार खाणार?

धर्मराज : बॅटरीला पाहिजे.

लाडबाई : जा, ताराकडून घे. मधल्या खोलीत फळीवर डबा हाय. म्हणावं, तुझ्या सासूनं, मांसानं सांगितलं. जल्दी ये, रोटी थंडी होईल.

कारभारी : आलोच.

लाडबाई : गेला का? बेटा, आता तो न्हाई तोवर मला सांग. यानंच खराब केली ना बॅटरी?

धर्मराज : अजून सांगता येत न्हाई. आतल्या तेजाबाचं पार पाणी झालंय एवढं दिसतं.

लाडबाई : पाणी कमी तर न्हाई पडलं? मी तर काठोकाठ भरून दिल्ती.

धर्मराज : तुम्ही?

लाडबाई : तूच सांगून गेल्तास रे! जेठात बसवली तेव्हा. म्हटलास, मांजी, हिला तहान लागते, पाणी कमी होऊ देऊ नका. गंगेला पूर आला, बोट वर ओढली, बॅटरी आमच्या ओसरीत आणून ठेवली. पूर उतरेपर्यंत मीच पाहिलं तिचं. कारभारीला तर तिकडं फिरकायचं कामच नव्हतं. गाईला पाजते, चिमण्यांना वाटीत ठेवते, मंग हिलाच का उपाशी ठेवू?

धर्मराज : पण मी बाटल्या ठेवून गेल्तो ना मांजी? त्यातलंच घालायचं म्हटलं होतं.

लाडबाई : त्या तशाच हायेत फडताळात. हातसुद्धा लावला न्हाई.

धर्मराज : काहून?

लाडबाई : कोणत्या विहिरीचं पाणी, कोणी भरलं, गाळलं का न्हाई, मला काय माहीत? अरे, कच्च्या पाण्याच्या एका थेंबात किती जीव असतात! ते तेजाबात टाकायचे? तडफडून मरतील बिचारे. अन् चौमासा चालू होता, आमच्या जैन साध्वी, महासतीजी, गावात होत्या. मी पक्कं पाणी घातलं.

धर्मराज : पक्कं म्हणजे उकळलेलं?

लाडबाई : उकळलेलं तर आम्ही घरचे पितो. हिला धोवण घातलं. महासतीजींना देतो तेच.

धर्मराज : आमच्यात न्हाई मांजी हे. धोवण म्हणजे काय असतं?

लाडबाई : राखेचं पाणी. भांडी राखेनं घासायची, विसळायची, ते पाणी नितळू द्यायचं. राख लागली की पाण्यात जीव राहत न्हाई, मंग ते वापरलं तरी पाप न्हाई. त्याच्यावर शुद्ध पाणी दुसरं कोणतं? सुती कपड्यातून गाळून घालत होते. थोडं वर सांडेपर्यंत घालायचे, म्हटलं पोटभर पिऊ दे. सून हसायची. म्हणायची, मांसा, बॅटरीला दीक्षा देता का?

धर्मराज : मांजी, तुम्ही बसा. ह्या फळीवर बसा.

लाडबाई : का रे? तोंड का असं केलं?

धर्मराज : राख अन् तेजाब जन्माचे वैरी असतात. तेजाबानं हात भाजला तर आम्ही गॅरेजात राखेच्या पाण्यातच बुडवतो. राख तेजाबाला मारून टाकते.

लाडबाई : मारते?

धर्मराज : थोडं वरून सांडून गेलं, उरलं ते आत मेलं. बॅटरीत आता तेजाबच न्हाई. डायनॅमो भरतो, तिच्यात काही टिकत न्हाई.

लाडबाई : मी तर जीव वाचावे म्हणून...

धर्मराज : अन् त्या बाटल्यांतलं पाणी कसं करतात माहीत हाय? उकळायचं, वाफ करायची, ती वाफ थंड करून थेंब-थेंब धरायचं. त्याच्याहून पक्कं पाणी दुनियेत नसंल.

लाडबाई : मंग मला कोणी सांगितलं का न्हाई रे?

धर्मराज : मला काय ठाव मांजी, पाण्याची एवढी चौकशी असते म्हणून. आम्ही नदीला तोंड लावून पिणारे लोक.

लाडबाई : म्हणजे बाजारच्या दिवशी बोट बंद पडली ती...

धर्मराज : ठिणगीला बॅटरी लागते. ती नव्हती.

लाडबाई : अन् कारभारीनं?

धर्मराज : दोन गाणी वाजवली पाडव्याला. तिसरं झालं न्हाई. तेवढाच त्याचा गुन्हा.

लाडबाई : अरिहंत, अरिहंत. तुला माहीत हाय का, गौतम त्याला काढायला तयार नव्हता. बोलला भर घाटावर, पण घरी येऊन म्हणाला, मांसा, जुना माणूस हाय, राहू दे. मीच म्हटलं, न्हाई. ज्याला लोकांच्या जीवाची पर्वा न्हाई त्याला बोटीवर ठेवू नको. मंठ्याला आमच्या नात्यातल्या गिरधारीलालच्या ओळखीचा डायवर हाय, तो आण. मीच म्हटलं रे. जेवणसुद्धा सोडलं होतं मी त्या दिवशी, गौतम हो म्हणेपर्यंत.

धर्मराज : मांजी, ऐका. मी एक तोड सांगतो. शेठला म्हणू, डायनॅमो बिघडला होता, त्याच्यापायी बॅटरी गेली, मी दुरुस्त केला. मशीन काही उलटून बोलायची न्हाई. तुमचं नाव न्हाई, दाजीचं बी न्हाई. सगळे सुटले.

लाडबाई : तू कारभारीचा कोण?

धर्मराज : साळूअक्का माझी चुलत बहीण. मी मेव्हणा.

लाडबाई : मंग तुझ्या तोंडचं कोण खरं मानंल? म्हणतील, मेव्हण्यानं मेव्हण्याला झाकलं. त्याच्यावरचा डाग आणखी पक्का होईल.

धर्मराज : शपथ घेईन मी.

लाडबाई : खोट्याची? अन् ती माझ्यासाठी? नको बेटा. माझं पापाचं गाठोडं आधीच जड झालं.

कारभारी : हा घ्या पापडखार. तारावहिनी विचारत होत्या, नदीवर पापड लाटता का म्हणून. काय झालं? जेवण तसंच काहून?

धर्मराज : आणा इकडं. टाकतो बघा. ताकावर टाकला तरी फेस येतो याचा.

कारभारी : हे तर नुसतं बसलं खाली.

धर्मराज : बसलं.

कारभारी : म्हणजे तेजाब न्हाईच आत? मंग कोणी चोरलं म्हणतील. ते बी माझ्याच नावावर. शेठ म्हणतील, रेडिओ झाला, आता तेजाब विकून राह्यला.

धर्मराज : दाजी, तसं न्हाई...

लाडबाई : तू गप. मी सांगते. कारभारी, बॅटरी मी बिघडवली.

कारभारी : तुम्ही? तुम्ही कशाला बिघडवाल बाईजी?

लाडबाई : पुरात ओसरीवर होती तेव्हा मी तिच्यात धोवण घालत होते. राखेचं पाणी. पुण्य लागेल म्हणून. हा सांगतो, राखेनं तेजाब मेलं. तुझ्या रेडिओनं काही झालं न्हाई. तू दिवाळीत हात लावलास तेव्हाच ती मरायला टेकली होती.

कारभारी : राखेचं पाणी.

लाडबाई : हां.

कारभारी : धर्मा, खरं का?

धर्मराज : बिलकुल खरं.

कारभारी : मला तर वाटून राह्यलं होतं माझ्याच हातानं झालं. पहिले चार दिवस भांडलो सगळ्यांशी, न्हाई म्हणलं, दोन गाण्यांनी काय होतं. मंग भांडायचा बी कंटाळा आला. साळूला म्हणलं, असंल बाई, माझ्याच पायी झालं असंल. डोळा लागला की ती म्हातारी गळ्याला येऊन पडते. रोज.

लाडबाई : मोटार आली की गौतम घाटावर उतरेल. जिथं उभा राहून तो तुला बोलला तिथंच उभी राहून मी सांगते त्याला. ऐकू दे सगळ्यांना.

कारभारी : शेठ चिडतील. तुमच्या नेम-धरमाला नावं ठेवतील. आधीच म्हणत असतात, मांसाचं पाणी एक अन् आमचं एक.

लाडबाई : ठेवू दे. पाण्यातले बारीक बारीक जीव दिसले मला, अन् समोर उभा माणूस दिसला न्हाई. नावं ठेवण्यासारखंच हाय.

कारभारी : अन् तो मंठ्याचा डायवर? बायकोपोरांना सांगून, वळकटी बांधून निघाला असंल तो.

लाडबाई : मीच बोलावलेला, मीच परत धाडीन. जेवू घालीन, उद्याच्या मोटारीत बसवून देईन. तो काय बोलेल ते ऐकून घेईन. बोटीवर तूच राहशील.

धर्मराज : बॅटरी मी नेतो जालन्याला. धुऊन नवं तेजाब भरून बघतो. प्लेटा उठतील का न्हाई, आज सांगता येत न्हाई. तवर बांबू.

कारभारी : ह्या मनगटानं?

धर्मराज : मी थांबतो दोन दिवस. मला येत न्हाई बांबू, पण ओढू कसंबी.

कारभारी : तू नको. तू खरंच बुडवशील.

लाडबाई : कारभारी, इकडं बघ. संवत्सरीला आम्ही सगळ्यांची माफी मागतो, माहीत हाय ना तुला?

कारभारी : माहीत हाय. दरसाल माझ्या दारी येता. हात जोडता. मी बी घाईघाईनं म्हणतो, माफ बाईजी, माफ. कशाचं ते कधी कळलं न्हाई.

लाडबाई : ती रिवाजाची होती. आज खरोखरची मागते. खमत खामणा, कारभारी. मनानं, बोलण्यानं, हातानं तुझं जे वाईट केलं त्याची माफी दे.

कारभारी : हात खाली घ्या. लोकं बघून राह्यले पलीकडनं.

लाडबाई : बघू दे. तू म्हण.



धर्मराज : दाजी, म्हणून टाका ना. म्हातारं माणूस उभं हाय. धूळ दिसून राह्यली बघा रस्त्यावर, मोटार आली.

कारभारी : दिसली. बाईजी, तुम्ही शेठला सांगायला जा. मला राग न्हाई. पण दरसाल पटकन निघतं ते आज तोंडातून निघंना. लई थकलो मी. उद्या सकाळी घाटावर या. उद्या म्हणतो.